डॉक्टरीणबाईंचा कोच

कोच कुरकुरत होता, आणि संध्याकाळी टेम्पो दारात यायचा होता.

साधासुधा कोच असता तर हेडबाईंनी त्यावर जाड उशी टाकून तो खुशाल रवाना केला असता. हेडबाई म्हणजे या सोफे-गाद्यांच्या कारखान्याच्या मालकीण. शाळा त्यांनी दुसरीतच सोडली, की शाळेने त्यांना सोडलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण तोंडाचा पट्टा असा, की सगळी गल्ली त्यांना हेडबाईच म्हणे. हाताखाली मुलगा बाळ्या, जो आता टक्कल पडायच्या बेतात होता. कापड बेतणारी त्याची बायको. आणि एक म्हातारे मिस्त्री. हा कोच पोचला की कारखाना बाळ्याच्या ताब्यात, असं हेडबाईंनी जाहीर करून टाकलं होतं. बाळ्याला विचारावं, असं काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. देणाऱ्याने विचारायचं असतं होय?

कोच मनाच्या डॉक्टरीणबाईंचा होता. ऑर्डर देताना त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. पेशंट कोचावर आडवा होणार, त्या त्याच्या डोक्यामागे खुर्ची टाकून बसणार. पेशंट मनात येईल ते बोलणार, आणि त्या गप्प.

"गप्प बसायचे पैसे घेता?" हेडबाईंनी विचारलं होतं.

"ऐकायचे," डॉक्टरीणबाई हसल्या. "लहानपणापासून माणूस किती गोष्टी आत दाबून टाकतो. त्या मरत नाहीत, भलत्याच वाटेने बाहेर येतात. राग एकावर असतो, निघतो दुसऱ्यावर. मनातून नको असलेलं काम हातून बरोब्बर बिघडतं, आणि वाटतं, चुकून बिघडलं. म्हणून कोच अजिबात वाजायला नको. दुखऱ्या जागेपाशी आला की माणूस पळवाट शोधतो. लगेच म्हणेल, 'कोच वाजतोय', आणि मूळ गोष्ट राहील आतच."

"आमच्याकडे आत काही राहत नाही. सगळं तोंडावर," हेडबाईंनी ऐकवलं होतं.

आता तोच कोच वाजत होता. त्यावर बसून पाहिलं, मिस्त्रींनी गुडघे टेकून पाहिले, कोच गप्प. नुसतं पडून राहिलं तरी गप्प. पडल्यापडल्या बोलायला लागलं, हातवारे केले, की कुठूनतरी 'कुर्र'.

"मिस्त्री, व्हा आडवे," असं म्हणून हेडबाईंनी उशाशी स्टूल ओढलं आणि लाकडाला कान लावला. "हं, बोला."

"काय बोलू?"

"मनात येईल ते बोला. मला तुमचं ऐकायचं नाहीये, कोचाचं ऐकायचंय."

मिस्त्री छताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझा बाप फार मारका होता, बाई. खिळा वाकडा गेला की हातोडीचा दांडा पाठीत."

एरवी हेडबाईंनी त्यांना तिथेच तोडलं असतं, पण कान कामात होता.

"तुम्ही मागे येऊन उभ्या राहता ना, तेव्हा मला तोच उभा आहे असं वाटतं. म्हणून माझे खिळे वाकतात. एरवी मी बरा कारागीर आहे हो!" मिस्त्रींनी हात उडवला. कुर्र!

"मधली पट्टी!" हेडबाई ओरडल्या.

मिस्त्रींनी उठून डोळे पुसले, पायांत चपला सरकवल्या. "हलकं वाटलं. येतो मी."

"अहो, येतो काय? काम पडलंय इथे!"

"बापालासुद्धा असंच सोडून जायला हवं होतं," म्हणत मिस्त्री चालते झाले.

मधली पट्टी आवळली. कोच तरी वाजतच होता. मग सुनेला झोपवलं. सून म्हणजे एरवी चालू रेडिओ; पण कोचावर पडली आणि ओठ शिवल्यासारखी गप्प.

"बोल गं."

"कापड छान बसलंय, आई."

"कापडाचं नको. मनातलं."

"माझ्या मनात काहीच नाही."

"काही नाही? काल पातेली अशी आपटलीस की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं."

"ती तुमच्यावर नव्हती हो आपटली! ह्यांच्यावर होती. कधीची म्हणतेय, आईंना एकदा सांगून टाका—" कुर्र! सुनेने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

हेडबाईंचा कान लाकडावरून सुटला. "काय सांगून टाका?"

"आई, कोच वाजतोय," सून म्हणाली.

हेडबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती उठून थेट कापडाच्या ठाणांमागे गेली. बाळ्या कोपऱ्यात एकाच खुर्चीला मघापासून टाचण्या मारत होता. खुर्ची साळिंदरासारखी झाली होती.

"बाळ्या, ये इकडे."

"आई, उशीर होतोय. दे पाठवून, त्यांना कुठे कळतंय."

"आडवा हो."

बाळ्या आडवा झाला. हेडबाई मागे. मग तो छताला म्हणाला, "तुझं तोंड दिसत नाही म्हणून सांगतो."

हेडबाईंनी कान लाकडाला आणखी घट्ट लावला.

"मला लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर म्हणून घेतलंय. सोमवारी हजर व्हायचंय. जन्मभर लोकांना बसायला नि लोळायला करून दिलं, आई. मला आता जायचंय गं. कुठेतरी लांब." कुर्र. "आणि सांगायला लाज वाटते, पण कोचाच्या डाव्या पायाच्या सांध्यात मी चिकटवायचा सरस घातलाच नसावा. मी कधी विसरत नाही. हा कोच झाला की कारखाना गळ्यात पडणार, म्हणून..." कुर्र, कुर्र.

मनातून नको असलेलं काम. हेडबाईंना डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द आठवला आणि त्या बाईचा भयंकर राग आला. पण ती समोर नव्हती. समोर एक नवी गादी होती. हेडबाईंनी ती अशी बडवली, की एका कोपऱ्यातून कापूस बाहेर डोकावला. गादीचा काही अपराध नव्हता.

"आई, ऐकलंस ना?"

"ऐकलं. डावा पाय." त्यांनी स्वतः सरस भरला, आतून ठोकळा लावला आणि स्क्रू असा पिळला की लाकडाने हूं की चूं केलं नाही. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बसच्या सीटा कशा शिवल्यात ते आधी बघ. टाके उसवलेले असले तर तोंड उघड. माझ्यासमोर मिठाची गुळणी धरलीस तशी तिथे धरू नकोस. जा, टेम्पोवाला गल्ली चुकेल."

बाळ्या जो सुटला, तो चप्पल न घालताच.

राहिली शेवटची तपासणी. सून स्टुलावर बसली, लाकडाला कान लावला. हेडबाई पदर सावरत कोचावर आडव्या झाल्या आणि हाताची घडी घालून छताकडे रागाने बघू लागल्या.

"बोला ना, आई. नुसतं पडून कळत नाही."

"मी कशाला बोलू? मला काय धाड भरलीय?"

बाहेर टेम्पो येऊन थांबल्याचा आवाज आला.

"लग्न होऊन आले," हेडबाई म्हणाल्या, "तर सासऱ्यांनी हातात दाभण दिला. म्हणाले, शीव. मी शिवत सुटले. कुणी विचारलं नाही, पोरी, तुला काय करायचंय." त्यांनी हात उडवला, कूस बदलली. "मला तरी कुठे हवा होता हा कारखाना!"

सुनेने कान लाकडाला आणखी दाबून धरला.

"वाजला?" हेडबाईंनी विचारलं.

"नाही, आई. जरासुद्धा नाही."

टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला. सून उठायला लागली.

"बस खाली," हेडबाई म्हणाल्या. "त्याला म्हणावं, थांब जरा. दुसऱ्या कुशीवर तपासायचं राहिलंय."