काही न घडणारी कथा

प्रकाशक बाड परत द्यायला स्वतः घरी आले, तेव्हाच भाषांतरकार बाई काय ते समजल्या. होकार फोनवर येतो. नकार द्यायला सभ्य माणसं घरी येतात.

"भाषांतर झकास झालंय," खुर्चीत टेकत प्रकाशक म्हणाले. "पण मूळ लेखिकेला तिच्या देशातसुद्धा कुणी ओळखत नाही. आणि खरं सांगू? तिच्या कथांत काही घडतच नाही हो."

ही परदेशी लेखिका बाईंना वाचनालयाने मोडीत काढलेल्या पुस्तकांच्या ढिगात सापडली होती. एकच कथासंग्रह लिहून ती विसरली गेली होती. तिच्यासाठी बाईंनी नोकरी सांभाळून पहाटेच्या झोपेवर पाणी सोडलं होतं. बाड परत आलं की ती पुन्हा विसरली जाणार, आणि या वेळी दोन भाषांत.

"एकच कथा कानांनी ऐका," असं म्हणून बाई उठल्या आणि बाड उघडून उभ्या उभ्या वाचू लागल्या.

नवरा तेवढ्यात कपडे भिजवायला टबात नळ सोडून, साबणाची पावडर कुठे आहे हे विचारायला बाहेर आला. वस्तू शोधायची त्याची ही एकमेव पद्धत. बायकोचं भाषांतर त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो दारात थबकला, मग तिच्याच रिकाम्या खुर्चीत बसला.

कथा साधी होती. एक बाई हट्टाने फक्त स्वतःसाठी खुर्ची आणते, आणि त्या खुर्चीत सदा कुणीतरी बसलेलंच असतं. सासरा पेपर वाचायला, दीर बूट घालायला, पाहुणे नुसतेच. बस, एवढंच. पण लिहिलं होतं असं, की प्रकाशकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला तरी त्यांना तो वर सारायचं सुचेना.

आत टब भरून वाहू लागला. एक मोजा वाहत जाऊन मोरीच्या जाळीवर पसरला आणि जाळी बुजली. पाणी बैठकीत आलं, तसे प्रकाशकांनी पाय वर घेतले. नवऱ्यानेही घेतले. आणि दोघं ऐकत राहिले.

उघड्या दारातून खालच्या मजल्यावरच्या काकू तणतणत आल्या. त्यांच्या पलंगावर छत गळत होतं. पण त्या तोंड उघडेपर्यंत कथेतली बाई भर दुपारी, घरात कुणी नसताना, हळूच खुर्चीकडे निघाली होती. काकूंनी तिसरी खुर्ची ओढली, बसल्या आणि पाय वर घेतले. खालून काकांनी हाक मारली.

"काही झालेलं नाही, थांबा जरा," काकूंनी बसल्या जागेवरून सांगितलं.

बाईंनी शेवट वाचला. "खुर्चीत मांजर झोपलं होतं. त्याची झोप मोडू नये म्हणून ती उभीच राहिली."

कुठल्या तरी देशातल्या, केव्हाच मरून गेलेल्या बाईने त्यांची घरं आतून पाहिली होती. हे तिला कसं जमलं, कुणालाच कळेना. काकूंनी डोळे पुसले. मग नवऱ्याची नजर बायकोकडे गेली. ती पाण्यात उभी होती. तो ताडकन उठला, त्याच्या पाठोपाठ बाकीची दोघंही. तिघांचेही पाय पाण्यात गेले.

"आधी बसा तुम्ही," प्रकाशक म्हणाले. "आणि वाचून झालं की ते बाड इकडे द्या."

"परत द्यायला आणलं होतंत ना?"

"देतो की. छापून."

बाई बसल्या. नळ अजून धो धो वाहत होता. या घरात नळ बंद करायला आजवर एकच माणूस उठत आलं होतं. तिघंही सवयीने तिच्याकडेच पाहू लागले.

बाईंनी पाय वर घेतले आणि पुढच्या कथेचं पान काढलं.

"नळ बंद करून या," त्या म्हणाल्या. "तोवर मी बसते."