नववी चिप

शेतीचं खरं नुकसान कीड, गारपीट किंवा पडलेले भाव करत नाहीत. ते अंतराळातून येणारे सूक्ष्म कण करतात, हे सत्य धाराशिव जिल्ह्यात अजून पुरेसं पोचलेलं नाही. असा कण कॉम्प्युटरच्या मेमरीवर आदळला की शून्याचा एक होतो आणि हिशेब बिघडतो. (अशी एकही तक्रार आजवर कोणा पोलीस पाटलाकडं आलेली नाही. यावरून कण किती बेमालूम काम करतात ते दिसतं.)

तेरजवळच्या एका गावात हे जाणणारा माणूस एकच होता: भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. रुद्रेश. त्याचे वडील भीमाशंकर यांच्या विहिरीनं फेब्रुवारीतच तळ दाखवला होता आणि शेवग्याची बाग वाळू लागली होती. बोअर एकच मारणं झेपणार होतं. वडिलांचा भरवसा तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्या पाणाड्यावर होता. रुद्रेशनं त्याला अशास्त्रीय ठरवून परत पाठवलं आणि आसपासच्या विहिरींवरून भूजलाचा नकाशा काढायचं अंगावर घेतलं.

त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, विहिरीत पाणी किती खाली आहे? उत्तरं भराभर आली: नऊ, अकरा, सहा. त्यानं ती रकान्यात भरली आणि वर ‘मीटर’ असं लिहिलं. एकक न लिहिणं हे विज्ञानात पाप आहे.

“दादा, शेजारच्या आण्णासाहेबांचं सहा म्हंजे सहा परस,” त्याची बहीण हर्षाली म्हणाली. “एक परस म्हंजे हात वर केलेला एक माणूस, दोन मीटरच्या वर. म्हातारी माणसं समदी परसातच मोजतेत. विचार की एकदा.”

“आधी मेमरीचं बघू दे, हर्षे.”

ते बघण्यासारखंच होतं. चुका दुरुस्त करणाऱ्या मेमरीच्या पट्टीवर आठ चिपांवर देखरेखीला नववी चिप असते. एक बिट बदलला तर ती निमूट दुरुस्त करते, दोन बदलले तर ओरडते. (असा निरीक्षक अद्याप कोणत्याही खात्याला लाभलेला नाही.) मात्र घरगुती कॉम्प्युटरमध्ये तिला प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कॉम्प्युटर जागा करणारा बायॉस या तिघांची संमती लागते, आणि तिघं एका मांडवात क्वचितच सापडतात.

धाराशिवचे दुकानदार आसिफभाई यांनी पहिली पट्टी एका जुन्या सर्व्हरमधून काढून दिली. ती खाचेत बसली. कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. ती ‘रजिस्टर्ड’ जातीची निघाली, आणि घरगुती बोर्डाला ती जात चालत नाही. (विज्ञानही आपल्यातलंच आहे.) दुसरी पट्टी जातीत बसणारी होती. कॉम्प्युटर चालला, पण बोर्डानं नवव्या चिपेकडं ढुंकूनही बघितलं नाही. ती व्यासपीठावरच्या पाहुण्यासारखी नुसती बसून राहिली.

“चालती न्हवं? मग?” आसिफभाई म्हणाले.

“चालते, पण चूक दुरुस्त करत नाही.”

“तसले दोघं माझ्या दुकानात बी हैत, साहेब. हाकलू का त्यांना?”

अखेर रुद्रेशनं बोर्डच बदलला. दुरुस्ती चालू असल्याची ओळ स्क्रीनवर उमटली, तिचा फोटो त्यानं स्टेटसला ठेवला. आण्णासाहेबांनी त्यावर हात जोडले.

नकाशात पाणी सगळ्यात वर दिसलं ते आण्णासाहेबांच्या बांधालगत. दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी तिथंच उभी राहिली.

“अजून बी विचार,” हर्षाली म्हणाली.

“गाडी सुरू झालीय. मधी बोलू नको.”

गाडीनं दुपारपर्यंत पांढरा फुफाटा उडवला. बोअर कोरडा गेला. भीमाशंकरांनी टोपी झटकली. “कॉम्प्युटर चुकला व्हय रे?”

“नाही आप्पा.” त्यानं नोंद तपासली होती. सहाचे सहाच राहिले होते. त्यांना हात लावायची एकाही कणाची छाती झाली नव्हती. (पाणाड्याची जागा बरोबर निघाली असती की नाही, हे आता कधीच कळणार नाही. अशास्त्रीय पद्धतीची ही फार मोठी सोय आहे.)

हर्षालीनं स्पीकरवर आण्णासाहेबांना फोन लावला. “आण्णा, तुमचं सहा म्हंजे काय?”

“परस की गं. दुसरं काय असतंय?”

यावर तिनं फोन ठेवला आणि ती शेवग्याच्या बागेकडं निघून गेली. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं रुद्रेशला पहिल्यांदा वाटलं.

त्याला हसणाऱ्या वाचकांनी आज घरी गेल्यावर एक साधी चाचणी घ्यावी. समोर जे कोण असेल त्याला विचारावं, “तुझं ऐकून मी शेवटचं काय बदललं?” उत्तराला वेळ लागला, तर तो यंत्रातला बिघाड समजू नये.