‘पाचट’ची पाचवी झेरॉक्स

कोऱ्हाळ्यात पंक म्युझिक कुणी आणलं, असं उद्या कुणी विचारलं, तर माझंच नाव घ्यावं लागंल! समाधान. गिटार मोबाईल बघून शिकलो. तीन कॉर्ड येत्यात. पंक म्हंजे नुसता दणदणाट अन् आरडाओरडा, त्याला बास झालं!

जगात हे म्युझिक झीनवर पसरलं. झीन म्हंजे घरच्या घरी काढलेलं मासिक: हातानं लिहायचं, कात्रणं चिकटवायची, झेरॉक्स मारून वाटायचं. ना संपादक, ना परवानगी! मी कालव्याच्या कडंला पडून उसाचे तुरे बघायचो. वाटायचं, एकेका तुऱ्याखाली एकेक गिटारवाला उभा हाय. वारं आलं की सगळे एकदम माना हलवत्यात...

झीनचं नाव ठेवलं ‘पाचट’, म्हंजे उसाचा वाळका पाला. एक ठिणगी पडली की भडकलं! मुखपृष्ठावर कवटी. आत आमच्या पहिल्या कार्यक्रमाचा पत्ता: कन्हेरी, अविराजची रिकामी पोल्ट्री, रविवार, चार वाजता. अविराज तेलाचे डबे बडवतो.

“पप्पा म्हणलेत, एक जरी माणूस आलं तरी शेड तुमचं,” अविराज म्हणला. “न्हायतर सोमवारी पिल्लं भरणार!”

म्हणून शेवटच्या पानावर ठळक लिहिलं: ‘पाच झेरॉक्स काढून पाच जणांना द्या. न्हाय दिल्या तर आपण मेलो!’

वीस प्रती दूध डेअरीत अन् सलूनमधी गुपचूप ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात ही रांग! पुढं शेजारच्या अक्काबाई.

“अक्का, तुमी हितं?”

“आरं, पत्र आलंय! पाच जणांना न्हाय दिलं तर माणूस मरतंय. शेळगावात एकानं फाडलं, तर म्हस आटली म्हणं!”

मी कागद बघितला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. पत्ता काळाठिक्कर! कवटी अन् शेवटची ओळ तेवढी लख्ख!

घरी आलो तर आप्पा लालबुंद. आप्पा म्हंजे माझे वडील, ज्ञानदेव गुरुजी. अंधश्रद्धेला आमच्या उंबऱ्यावरबी जागा न्हाय.

“गावाला भ्या घालतोय भामटा!” आप्पांच्या हातात ‘पाचट’. “ही सलूनमधली अस्सल प्रत हाय. धरणार त्याला!”

“सापडंल का, आप्पा?”

“पत्ता छापलाय की गाढवानं!”

रविवारी वीस खुर्च्या मांडल्या. साडेचार झाले, सगळ्या रिकाम्या. तेवढ्यात आप्पांची स्कूटर!

“समाधान? तू?”

अविराजनं घाबरून डबा बडवला. आता काय, मी गिटार छेडली! जाळीतनं पिवळं ऊन आत येत होतं, दर ठोक्याला जुनी पिसं उडत होती, हळूहळू खाली तरंगत होती. तीन गाणी झाली. मधल्या खुर्चीत आप्पा, हाताची घडी, खांद्यावर दोन पिसं.

“झालं?”

“व्हय, आप्पा.”

आप्पांनी ‘पाचट’ पुढं केलं. पानभर लाल पेन! “सतरा चुका हायत शुद्धलेखनाच्या.” मग अविराजकडं बघून, “डबा मात्र बरा वाजवतोस.”

अविराज कानात कुजबुजला, “समाध्या, एक माणूस आलं! पिल्लं क्यान्सल!”

निघताना आप्पांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यांनी रातोरात हातानं लिहिलेलं, बातम्यांची कात्रणं चिकटवलेलं पत्रक: ‘असल्या पत्रांना भिऊ नका!’

खाली दोनदा अधोरेखित: ‘पाच झेरॉक्स काढून पाच जणांना द्या. न दिल्यास गावाचं नुकसान होईल.’

आपला असल्या गोष्टींवर विश्वास न्हाय. पण मी मुकाट्यानं पाच काढल्या!