रामलिंग हवालदार आणि सोसायटीची तार

रामलिंग हवालदारांच्या दारात पाऊल टाकलं की आतून आरोळी यायची, "थम! कौन आता है?" हे फौजी हिंदी पाहुण्यालाही ऐकावं लागे आणि म्हशीलाही. पोस्टमन "टपाल!" म्हणून सुटायचा. मी "बशीर वायरमन" म्हणायचो. म्हैस काही बोलायची नाही. मग हवालदार स्वतः उठून तिचं तोंड नीट निरखायचे आणि खात्री पटल्यावर तिला आत घ्यायचे. स्वतःचीच म्हैस!

वाशीकडच्या आमच्या गावात ते पेन्शनीत आले तेव्हा एकटेच होते. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. फौजेत सुरुंग पेरायचं काम करायचे, एवढंच गावाला ठाऊक. त्याबद्दल कुणी विचारलं की ते चहाला पाणी ठेवायला उठत.

त्यांच्या घरात उंदीर लई. मी म्हटलं, वाशीच्या बाजारातून चाप आणून देतो.

"न्हाय. चाप कुणाचीबी मान मोडतोय. उंदीर हाय का चिमणी, त्याला काय ठाव? आदी इचार, मग मार."

त्यांनी पिंजरा लावला. सकाळी सापडलेल्या उंदरापुढं उकिडवं बसून त्याची चौकशी चाले, आणि बहुतेक वेळा आरोपीला ओढ्यापलीकडं सोडून दिलं जाई. उंदीर ओढा ओलांडून परत येतात, हे मी त्यांच्या कानावर घातलं.

"येऊ दे. परत इचारू."

गाव हसायचं. मीही हसायचो.

मग दुष्काळ पडला. बहात्तरचा नव्हे, त्याच्यानंतरचा, ऐंशी उलटल्यावरचा. सोसायटीच्या एकाच विहिरीला पाणी उरलं. त्या विहिरीची मोटार मी बघायचो. चेअरमन आबासाहेबांनी त्या पाण्यावर हिरव्या वैरणीचा एक तुकडा केला, सगळ्या गावच्या जनावरांसाठी. आसपास हिरवं म्हणावं असं तेवढंच. रानडुकरांनाही ते कळलं.

आबासाहेब माणूस चांगला, पण घायकुतीला आलेला. त्यांनी बैठक बोलावली आणि सगळ्यांदेखत मला सांगितलं, "बशीर, कुंपणाच्या तारंत करंट सोड. सांजच्याला बटन दाबायचं, सकाळी बंद."

हवालदार उभे राहिले. "तारंत करंट सोडायचा न्हाय."

"डुकरासाठी हाय हो, हवालदार."

"तारंला सांगितलंय का तसं?"

बैठक हसली. आबासाहेब म्हणाले, "बटन आपल्याच हातात हाय की!"

"दाबंस्तवर हातात. मग तुमी घरी जाऊन झोपणार. अंधारात कुणाची म्हातारी आली का कुणाची गाय आली, हे बघाया तिथं कोण हाय? मारायचं तर माणसानं बघून मारावं, आन् म्या मारलं म्हणून सांगावं."

"मग राखण कोण करणार? तुमी?"

"व्हय. म्या."

एवढ्या मोठ्या तुकड्याला एकटा म्हातारा कसा पुरणार? मला एक युक्ती सुचली. तारेला बॅटरीवरची घंटा जोडायची. तार हलली की घंटा वाजेल. हवालदारांनी संशयानं विचारलं, "घंटा काय करती?"

"नुसती हाक मारती."

"मग चालंल. हाक तिनं मारायची, पुढचं म्या बघतो."

घंटा वाऱ्यानं वाजे, शेळीनं वाजे. एकदा पाहणीला आलेल्या आबासाहेबांचंच धोतर तारेत अडकलं, आणि सोसायटीचे चेअरमन दोन्ही हात वर करून आपलं पूर्ण नाव सांगत उभे राहिले. हवालदार महिनोन्‌महिने धड झोपले नाहीत. डोळे आत गेले. पण काठी घेऊन प्रत्येक हाकेला उठले.

अखेर एका पहाटे त्यांचा डोळा लागला. घंटा ऐकून ते धावेपर्यंत डुकरांनी वैरणीचा अख्खा कोपरा उलथून टाकला होता.

पुन्हा बैठक. आबासाहेब कडाडले, "करंट असता तर?"

"तर डुकरं मेली असती," हवालदार म्हणाले. "वैरण गेली ती माझ्यापायी. चूक माझी."

"मग आता तरी सोडायचा का करंट?"

"न्हाय."

"अहो, पण का?"

हवालदार खाली बघत बोलू लागले. "लढाई संपल्यावर आमी पेरल्याले सुरुंग काढाया गेलतो. नकाशा हुता. पर वाळू सरकती. एक गावला न्हाय. सरपणाला आल्याल्या एका बाईचा पाय पडला त्याच्यावर. लढाई संपली, हे तिला ठाव हुतं, आमाला ठाव हुतं. सुरुंगाला कुणी सांगितलं नव्हतं. म्या उचललं तिला. गाडीपतुर जिती हुती."

मागून कुणीतरी हळूच विचारलं, "तो तुमी पेरल्याला व्हता?"

"त्येच तर. कुणाला ठाव? आमी सगळे तिथंच हुतो. म्या मारलं, असं कुणालाच म्हणता आलं न्हाय."

करंटचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आबासाहेबांनी राखणीच्या पाळ्या लावल्या आणि पहिली पाळी स्वतः घेतली. दिवेलागणीला घोंगडी घेऊन ते तारेपाशी गेले. "हवालदार, आज तुमी घरी झोपायचं," म्हणाले. हवालदार जागचे हलेनात, तेव्हा आबासाहेबांनी त्यांच्या हातातली काठी काढून घेतली.

मी त्यांना घरापर्यंत पोचवलं, बाज टाकून दिली. निघालो तसे म्हणाले, "बशीर, घाई हाय का?"

"न्हाय."

"मग बस जरा, झोप लागंस्तवर. दुसरं कुणी जागं असताना म्या लई वर्सांत झोपलो न्हाय."

मी उंबऱ्यावर बसलो. त्यांचा श्वास जड झाला, तरी बराच वेळ उठलो नाही.