कानाने वाचलेली पुस्तकं

फोनमधली जागा संपली आणि इंदिराबाईंची पंचाईत झाली. कादंबरी ऐन रंगात आली की फोन 'जागा नाही' म्हणून अडून बसायचा, आणि सुनेला विचारायची तर सोयच नव्हती.

त्याचं असं होतं. इंदिराबाईंच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात कापडं रंगवली. घरात बोलणं मराठी, पण शाळा सगळ्यांची कानडी. त्यामुळे मराठी त्यांच्या जिभेवर होती, डोळ्यांत नव्हती. लेक रविकिरणचं नाशिकच्या अदितीशी लग्न झालं, तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आई, तुम्हाला वाचायला आवडतं?"

"होय की! भारी आवडतं," इंदिराबाई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते, कानडी साप्ताहिकांचा त्या फडशा पाडत. अदिती हरखली. तिनं सासूच्या फोनमध्ये मराठी कादंबऱ्या भरल्या, आणि स्वयंपाक करताना ऐकता याव्यात म्हणून त्याच कादंबऱ्या आवाजातही भरल्या. आता 'येत नाही' कुठल्या तोंडानं सांगणार? इंदिराबाई फोनवर पुस्तक उघडून समोर धरत आणि इअरफोन लावून तेच ऐकत. संध्याकाळी सासू-सुना मिळून नायिकेच्या दिराला शिव्या घालत. माहेर इतकं लांब टाकून आलेली ती पोर त्या गप्पांत खुलायची आणि इंदिराबाईंचा जीव सुपाएवढा व्हायचा. ते सुख हातचं जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"त्यात काय? एक फाइल मॅनेजर घालू," यजमान नागेंद्र म्हणाले. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते कामाच्या शोधातच होते. कॉफीवर कॉफी घेत त्यांनी ॲपं पारखली. एकात सारखी केसांच्या तेलाची जाहिरात यायची. दुसऱ्यानं फोनमधले सगळे नंबर मागितले. "माझ्या भावजयीचा नंबर ह्याला कशाला?" म्हणून तेही बाद झालं. तिसरं गुणाचं निघालं. वाचायची पुस्तकं एका कप्प्यात, ऐकायची दुसऱ्या. वर अदबीनं विचारलं, 'एकाच नावाच्या दोन-दोन फायली आहेत. जड असतील त्या काढून टाकू?'

"शहाणं आहे, अल्वा? आहे की नाही?" म्हणत नागेंद्रांनी होकाराचं बटण दाबलं आणि मोकळ्या झालेल्या जागेचा फोटो अभिमानानं घरच्या ग्रुपवर टाकला.

जड होत्या त्या ऐकायच्या.

"अय्यो! मेले मी!" इंदिराबाई ओरडल्या. "मी कशानं वाचते ते तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"विसरलोच की ग," नागेंद्र डोकं खाजवत म्हणाले. "तू बसतेसच इतकी छान वाचत!"

गेलेली पुस्तकं परत आणायला अदितीचा पासवर्ड लागत होता. त्या विचारात असतानाच अदिती ऑफिसातून आली. हातात मेथीची जुडी. दुपारी इंदिराबाईंनी कानडीत मेसेज करून शेपू मागवला होता, तिकडून अंगठाही आला होता. नेहमीचंच ते.

"आई, रविवारी शेजारच्या भवानीबाईंकडे मराठी वाचनमंडळ आहे. कादंबरीची शेवटची पानं तुम्ही वाचायची. मी नाव देऊन आले!"

"माझे डोळे दुखतात ग."

"एवढंच ना?" अदितीनं फोन घेतला आणि अक्षर इतकं मोठं केलं की एका पानावर जेमतेम तीन शब्द मावले.

दुसऱ्या दिवशी इंदिराबाईंनी शाळेतल्या हिंदीच्या तासाची पुसट अक्षरं आठवून एक ओळ लावायला घेतली. ओळ लागेपर्यंत दूध उतू गेलं. संध्याकाळी कबूलच करायचं, असं त्यांनी ठरवलं. ती पोर किती खट्टू होईल या विचारानं त्यांना रडू यायला लागलं. फोन बंद करता करता त्यांना दिसलं, की ऐकायच्या कप्प्यात एक फाइल आहे. त्यांनी इअरफोन लावला.

"आई, मी अदिती. बाबांनी टाकलेल्या फोटोत ऐकायचा कप्पा रिकामा दिसला. पुस्तक परत उतरवता आलं असतं, पण त्यातल्या बाई फार भरभर वाचतात. म्हणून शेवटची पानं मीच वाचतेय. पुस्तकांचं खातं माझंच आहे, म्हणून इथूनच हे पाठवतेय आणि अक्षरही पुन्हा बारीक केलंय, नाहीतर उलटून उलटून बोट दुखेल." मागे कुठेतरी ऑफिसच्या कँटीनमधले चमचे वाजत होते. अदिती सावकाश वाचत होती, आणि मधूनच थांबून म्हणत होती, "आई, इथं पान उलटा."

शेवटी ती म्हणाली, "रागवू नका हं. मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तुम्ही नुसतं मुखपृष्ठ समोर धरून तासभर रडत होतात. आणि माझंही एक आहे. तुमचे कानडी मेसेज मला वाचता येत नाहीत. भाषांतराचं ॲप फक्त 'हिरवी भाजी' म्हणतं. मग मी अंगठा देते आणि मेथी आणते."

इंदिराबाई हसता हसता रडल्या आणि मग ती पानं ऐकून ऐकून त्यांनी तोंडपाठ केली. रविवारी मंडळात एकदाही अडखळल्या नाहीत, पानंही बरोबर उलटली. "काय वाचता हो!" भवानीबाई म्हणाल्या. अदिती चिवड्याच्या बशीत डोकं घालून बसली होती.

सोमवारी अदितीच्या फोनवर सासूच्या आवाजातला पहिला निरोप आला. "अदिती, शेपू. बारीक पानांचा, वासाचा. आता भाजीवालीजवळ उभी राहा. वास घे. घेतलास? तोच. आणि सावकाश ये ग, मी वाट बघते."

त्या रात्री घरात शेपू शिजला. सासू-सुना पोट धरधरून हसत जेवल्या. नागेंद्रांना मेथीच आवडायची, पण त्या दोघींकडे बघून ते गुमान जेवले.