आवळखोऱ्याचा जुना मसुदा डिलीट केला, त्याची हकीकत

श्रीगणरायास व कुलस्वामिनीस नमन करून, जे घडले ते घडले तैसे, पदरचे काही न घालता लिहिले असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, माघ मास. ते समयी राज्यावर हैबतराव महाराज होते आणि त्यांचे चिटणीस गिरमाजीपंत. पंत बहुत इमानी, परंतु आलेली फाइल त्यांस टाकवत नसे. जे टपालात येई ते कॉम्प्युटरात डाउनलोड करीत, आणि वाटेत पाहावे लागेल म्हणून फोनातही उतरवून घेत, आणि काम सरले तरी तैसेच ठेवीत. दिवाळीचे सुमारास महाराजांनी फर्माविले, "पंत, तुमचे यंत्र मुंगीच्या पावलांनी चालते. जुने काढून टाका." पंत बोलिले, "काढतो, महाराज." आणि एक फाइल उघडिली, आणि मनात आले की लागेल कधी, आणि बंद केली. मग दुसरी उघडिली, तिचेही तेच जाहले, आणि काम राहिले ते राहिलेच.

मग नदीपलीकडील राजाशी तहाचे बोलणे निघाले. पहिल्या मसुद्यात महाराजांनी पाण्याचे बदली आवळखोरे हा गाव पलीकडे देऊ केला होता. पाऊस पडला नव्हता आणि महाराजांचा धीर सुटला होता. तेव्हा गावची माणसे आली आणि दरबाराचे पायरीशी बसली, कोणी ओरडले नाही, आणि पाटलीणबाई एवढेच म्हणाली, "आम्हाला विचारलं असतं तर बरं झालं असतं." महाराजांनी मान खाली घातली आणि आपले हाते गावाचे कलम काढिले. मग मसुदे बदलत गेले आणि पंतांचे डाउनलोडात सगळे साठत गेले. 'तह अंतिम' हा पहिला, मग 'तह नवा अंतिम', 'तह हाच अंतिम', ऐसी नावे पंतांनीच ठेविली होती.

एके दिवशी पंत बाजारात भाजी घेत असता हुजुरातून निरोप आला की मसुदा आत्ताच पलीकडे रवाना करावा. पंतांनी फोन काढिला, उन्हात पडदा नीट दिसेना, एका हाती पिशवी, आणि 'अंतिम' एवढे पाहून बोट दाबिले आणि मसुदा गेला. घरी येऊन पाणी पिता पिता शंका आली, मग फोन उघडून पाहतात तो जुनाच मसुदा गेला होता, गावासकट. तांब्या हातीच राहिला. त्यांच्या पत्नी उमाबाई म्हणाल्या, "काय झालं? चेहरा असा का उतरला?"

"गाव देऊन बसलो," पंत म्हणाले.

आणि उठले, आणि बसले, आणि पुन्हा उठून दारापर्यंत जाऊन आले. नवा मसुदा पाठवावा, तर जुना हाती असता नव्यास कोण विचारतो. उमाबाई म्हणाल्या, "महाराजांना सांगा." पंत म्हणाले, "सांगतो. आधी पलीकडे जाऊन येतो." "आणि तिथे काय सांगणार?" "ते वाटेत ठरवीन." मग सरकारी मोटारीची वाट न पाहता वडापची भाड्याची जीप धरिली, आणि दाटीवाटीत बसून फोन काढीत आणि ठेवीत, पलीकडून उत्तर आले काय ते पाहत, पूल ओलांडिला.

पलीकडील चिटणिशी सगुणाबाईंकडे होती. बाई वयाने पंतांएवढ्याच, आणि कामात चोख. पंतांस पाहून चहा मागविला आणि म्हणाल्या, "बरे आलात. तुमचा मसुदा आला आहे, पण उतरत नाही. जागा नाही म्हणते. मी जुने काढते, मग दोघे मिळून वाचू." आणि बाई बसल्या आणि काढू लागल्या. जत्रेची छायाचित्रे गेली, सरलेल्या सालाचे पंचांग गेले, कोणाकोणाच्या लग्नाच्या पत्रिका गेल्या. जसजशी जागा होई तसतसे पंत खुर्चीत पुढे सरकत. न राहवून बोलिले, "असू द्या की. लागेल कधी." बाई हसून म्हणाल्या, "दोन वर्षांत उघडून पाहिले नाही, पंत. आता काय लागायचे?" आणि आणखी काही गेले, आणि पडद्यावर चक्र फिरू लागले, मसुदा उतरू लागला.

पंतांनी मेजावर हात ठेविला. "बाई, थांबवा ते."

बाईंनी थांबविले. मग पंतांनी सांगितले की हा मसुदा जुना आहे, यात आवळखोरे आहे, महाराजांनी ते कलम कधीच काढिले, आणि चुकीने जुना रवाना केला तो मीच. बाईंनी पडद्यावरचे मसुद्याचे नाव पुन्हा वाचिले. चहावर साय धरली. मग म्हणाल्या, "आमचे महाराज तो गाव मागतच होते. हे पाहिले तर सोडणार नाहीत."

"जाणतो."

"फाइल बिघडली आहे, डिलीट करा, असे म्हणाला असतात तर मी केली असती."

"तेच बोलायचे ठरवून आलो होतो. तोंडातून निघाले नाही."

बाई उठून खिडकीशी गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, "तुम्ही खरे बोललात, आणि त्याचाच मी फायदा घेतला, तर उद्या या दोन दरबारांत खरे कोण बोलेल?" आणि बसल्या, आणि टपालातून मसुदा डिलीट केला, आणि कचऱ्याचे टोपलीतूनही काढिला. मग म्हणाल्या, "आमच्या महाराजांना मात्र मी सांगणार. लपवून ठेवायचे मला जमणार नाही." पंतांनी हात जोडिले.

परत येऊन पंतांनी हैबतराव महाराजांस सर्व निवेदन केले. महाराज ऐकून घेऊन बोलिले, "आता तरी काढा." मग पंत कॉम्प्युटरापुढे बसले आणि सारे अंतिम काढिले, आणि त्यांमागे वर्षानुवर्षांचे काढिले, फोनही रिता केला. यंत्र हलके जाहले. पंतांचे मन काही हलके जाहले नाही. बाईंनी सांगितले असेल काय, आणि सांगितले तर त्यांचे काय जाहले असेल, हा घोर जेवताखाताही लागून राहिला.

फाल्गुनात तहावर शिक्के जाहले. पाहतात तो पलीकडील चिटणिसाचे जागी कोणी दुसराच गृहस्थ बसला होता. पंतांनी हळूच विचारले, तेव्हा कळले की बाईंवर त्यांचे महाराजांची इतराजी होऊन त्यांस जकातनाक्यावर नेमिले. समारंभाचे जेवण टाकून पंत तडक नाक्यावर गेले. बाई पत्र्याचे छपराखाली ट्रकवाल्याशी बोलत होत्या. पंत म्हणाले, "बाई, हे माझ्यामुळे झाले."

"बोट माझे होते, पंत," बाई म्हणाल्या. "ऊन आहे, सावलीत या." इतक्यात दुसरा ट्रक आला आणि त्या उठल्या.

येणेप्रमाणे तह जाहला आणि नदीचे पाणी दोहींकडे पुरले. आवळखोरे जिथल्या तिथे राहिले, आणि आपण एक दुपार परक्या राज्यात जाता जाता राहिलो हे त्या गावास अद्याप ठाऊक नाही. पंत काही ना काही काम काढून नाक्यावरून जातात, आणि सावलीत घटकाभर बसतात, आणि ट्रक आला की उठून वाटेस लागतात. बाई नाक्यावरच आहेत.