सावंत सरांचा वेगळा फोल्डर

आमचे सावंत सर ऑफिसात कधीच चिडत नाहीत. चिडायला ते जिन्यात जातात.

मिटिंगमध्ये मॅनेजरने कितीही डोकं फिरवलं तरी ते "बरं" म्हणतात, उठतात, जिन्याचं दार लावून घेतात आणि अस्सल मालवणीत त्याचा उद्धार करून शांतपणे चहाला येतात. विचारलं तर म्हणतात, "घडलं इथे, करायचं तिथे. सिंपल आहे रे."

प्रोग्राम लिहितानाही हेच सोवळं. पवईच्या आमच्या ऑफिसातून आम्ही एका हॉस्पिटलची वेबसाइट चालवतो. त्यातलं पेशंटना तारखा देणारं ॲप उद्या दुसऱ्या हॉस्पिटललाही जसंच्या तसं देता यायला हवं. म्हणून तारीख ठरली की कोणाला मेसेज जाणार, रद्द झाली की काय होणार, हे त्या-त्या हॉस्पिटलप्रमाणे ठरवणारे कोडचे तुकडे, म्हणजे हँडलर, सगळे वेगळ्या फोल्डरात. मी एकदा आळसाने एक हँडलर ॲपमध्येच ठेवला, तर सरांनी आठवडाभर "काय रे, चपला देव्हाऱ्यात?" विचारून मला हैराण केलं.

त्यांच्या बायकोची, काकूंची, केमो त्याच हॉस्पिटलात चालायची, दर मंगळवारी. काकू गेल्याचा फोन ऑफिसातच आला. सर "बरं" म्हणाले, फाइल सेव्ह केली, बॅग उचलली. तेराव्यानंतर कामावर आले. जिन्यातूनही काही ऐकू आलं नाही. मला तो माणूस दगड वाटला.

सोमवारी जेवताना त्यांचा फोन वाजला. वाचून त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. 'सौ. सुलभा सावंत, उद्या सकाळी साडेनऊला आपली केमो आहे. सोबत कोणीतरी असावे.'

मेसेज आमच्याच प्रोग्रामचा. पेशंट वारला की मेसेज थांबवणारा हँडलर लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते महिनाभर पुढे ढकलत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणखी किती घरांत वाजत असेल रे हे," एवढंच बोलून सर डबा तसाच ठेवून उठले. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो हँडलर स्वतः लिहिला आणि तपासायला माझ्याकडे पाठवला. नेहमीसारखा स्वच्छ. फक्त शेवटच्या ओळीत एक मोबाइल नंबर या थांबवण्यातून वगळला होता. नंबर सरांचाच होता.

ते जिन्यात पायरीवर बसले होते.

"सर, ती ओळ चुकून राहिली का?"

"नाय रे." ते खाली बघत होते. "मेसेज आला की ती म्हणायची, चला, बॅग भरा. तेवढं एक वाजू दे ना."

मी जागेवर आलो आणि काही न लिहिता मंजूर केलं.

आता दर सोमवारी जेवताना त्यांचा फोन वाजतो. सर वाचतात, "बरं" म्हणतात आणि जिन्यात जातात.